वैशाखातल्या एकोणीस कुंड्या

बदलापूरचा उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि तो आल्याचं सगळ्यात आधी टोमॅटोला कळतं. सकाळी गच्चीवर जावं तर कुंडीभोवती पिवळी फुलं देठासकट गळून पडलेली असतात. झाड हिरवंगार असतं, पानं टवटवीत असतात, फळ मात्र धरत नाही. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीचा चोविसाच्या खाली यायला तयार नसला, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. मग कितीही खत घाला, कितीही पाणी घाला, झाड फुलांवर खर्च करायचं नाकारतं. हिशेबाला पक्कं आहे ते.

आमच्या गावाचा पारा हा आता आसपासच्या लोकांच्या चेष्टेचा विषय झाला आहे. एप्रिलच्या दुपारी कुलाब्याला ३३-३४ अंश असतात, तेव्हा इथे चाळिशी ओलांडलेली असते. दादरची नणंद फोनवर पहिला प्रश्न विचारते, "आज किती?" कारण साधं आहे. आम्ही समुद्रापासून लांब, आणि पश्चिमेला मलंगगड, तावली, चंदेरी अशी डोंगररांग आडवी उभी. मार्च-एप्रिलमध्ये घाटाकडून कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात. शाळेच्या भूगोलात वाचलेले ते खारे वारे मुंबईला अकरा-बारा वाजता गार करतात, इथवर पोचायला त्यांना दुपार कलते. तोवर गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली असते.

याच गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात, सोसायटीच्या परवानगीने, माझी बाग आहे. बाग म्हणजे कुंड्या, ग्रोबॅगा, भाजीवाल्यांकडचे जुने क्रेट आणि दोन निळी पिंपं. फेब्रुवारीत मोजल्या तेव्हा सगळ्या मिळून ३४ होत्या. एप्रिलअखेर १९ उरल्या. बाहेरून बघणाऱ्याला ही अधोगती वाटेल. या उन्हाळ्यात माझ्या बागेने जी काही प्रगती केली, ती या वजाबाकीत आहे असं मला वाटतं, आणि तेच इथे सविस्तर मांडायचं आहे.

टाकीतलं पाणी

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. विषय एकच, पाणी. आठवड्यातला एक दिवस पुरवठा बंद, दुसऱ्या दिवशी दाब कमी, त्यामुळे टाकी भरत नाही आणि टँकर मागवावा लागतो. टँकरचं बिल सगळ्यांच्या माथी समान. तळमजल्यावरचे काका उभे राहिले. सत्तरीचे आहेत, एरवी फारसं बोलत नाहीत. म्हणाले, "माझ्या घरात दोन दिवस अर्ध्या बादलीत अंघोळ चाललीये. आणि वर भेंडीला पाणी घालायचं, हे मला पटत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी रोज किती पाणी घालते ते मला माहीत होतं, कारण मी पाच लिटरच्या कॅनने घालते. मार्चअखेर रोज दहा कॅन. म्हणजे पन्नास लिटर. दोन माणसांच्या काटकसरीच्या अंघोळी. कुंड्यांना टाकीतलं पाणी वापरायचं नाही, असा ठराव आला, आणि बाजूने वर झालेल्या हातांत माझाही हात होता.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग आता काय करणार?" सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मुरबाड तालुक्यातल्या, भातशेतीच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "वैशाखात जमीनसुद्धा निजते. तू कशाला तिला हलवून उठवतेस?" त्यांच्या या वाक्याकडे मी पुढे येणार आहे.

आमच्या नळाचं पाणी उल्हास नदीचं. ते बॅरेजवर उचललं जातं आणि शुद्ध होऊन येतं. उल्हास राजमाचीच्या बाजूला उगम पावते आणि कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. सह्याद्रीच्या या बाजूच्या बहुतेक नद्या मार्चनंतर कोरड्या खडकांच्या रांगा होऊन जातात. उल्हास मे महिन्यातही वाहते. या वाहण्याचं श्रेय बरंचसं भिवपुरीच्या वीजघराला आहे. घाटावर ठोकरवाडीला टाटांचं धरण आहे, आंद्रा नदीवर. १९२२ पासून ते पाणी डोंगरातून खाली भिवपुरीला सोडतात, वीज तयार करतात, आणि वापरून झालेलं अवजल उल्हासच्या खोऱ्यात येतं. आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे एरवी जे पाणी आळंदी, पंढरपूर करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते घाट उतरून, वीज देऊन, बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर चढतं आणि माझ्या भेंडीच्या मुळाशी जातं.

शेजारच्या उल्हासनगरला येतं ते पाणी बरंचसं बारवी धरणाचं. हे एमआयडीसीचं धरण. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि मुरबाड तालुक्यातली काही गावं आणि पाडे पाण्याखाली गेले. सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातली माणसं त्यात होती. पाणी इतक्या लांबून आणि इतक्यांच्या अंगणावरून येत असेल, तर ते शेपू-पालकावर ओतण्याआधी एकदा दुसऱ्या कामासाठी वापरलं गेलेलं असावं, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

मग घरातलं एकदा वापरलेलं पाणी मोजलं. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुण्याचं रोज नऊ लिटर. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं दहा लिटर. रात्री चालणाऱ्या एसीच्या नळीखाली बादली ठेवली तर सकाळी सहा लिटर. एकूण पंचवीस. यातलं प्रत्येक पाणी वेगळ्या स्वभावाचं आहे. तांदळाचं धुवण झाडांना आवडतं, पण ते ठेवलं की आंबतं, त्यामुळे त्याच दिवशी घालायचं. यंत्राच्या फेकपाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते धुवणात मिसळून आणि एकाच कुंडीला रोज न घालता आळीपाळीने द्यायचं. नाहीतर मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. एसीचं पाणी जवळपास पावसाच्या पाण्यासारखं, क्षार नसलेलं. पण ते धातूच्या नळ्यांवर जमून येतं म्हणून मी ते खायच्या भाजीला घालत नाही. ते सगळं मोगऱ्याला आणि घरातल्या मनीप्लांटला.

पन्नास लिटरची बाग पंचवीस लिटरवर आणायची होती. आता यादी करणं भाग होतं.

कोण राहणार, कोण जाणार

टोमॅटोच्या सहा कुंड्या पहिल्या गेल्या. त्यांचा हंगामच संपला होता. शिमला मिरचीच्या दोन, फ्लॉवरच्या दोन, पालकाच्या दोन, आणि फुलून झालेल्या शेवंतीच्या तीन. शेवंतीची मुळं सावलीत जिन्याखाली ठेवली, ती तिथे जेमतेम जीव धरून राहतात. बाकीच्यांची माती रिकामी केली. पंधरा गेल्या.

राहिल्या त्या अशा: भेंडीच्या चार बॅगा, चवळीच्या दोन, गवारीच्या दोन, लाल माठाचे तीन क्रेट, मायाळू एक, चुका एक, दोन पिंपांत दुधी आणि दोडका, मोगऱ्याच्या दोन कुंड्या, एक कढीपत्ता आणि एक तुळस.

ही निवड मी मनाने केली नाही, झाडांच्या अंगच्या गुणाने ती झाली. पानांवर बारीक रंध्रं असतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात आणि उघडली की आतलं पाणी उडून जातं. बहुतेक झाडांना कडक उन्हात हा व्यवहार तोट्याचा पडतो. पण माठ, मका, ज्वारी, ऊस या मंडळींनी वेगळी यंत्रणा कमावली आहे. आत शिरलेला कार्बन ते आधी एका जागी साठवून दाट करतात आणि मग वापरतात. त्यामुळे रंध्रं थोडी उघडूनही त्यांचं भागतं. माठ एप्रिलच्या उन्हात महिनाभरात कापणीला येतो, तो याच जोरावर.

आणि घोळ तर त्याहून पुढची. ती मी लावली नव्हती, माठाच्या क्रेटात आपोआप उगवली. जाड लालसर देठांची, जमिनीवर पसरणारी ही भाजी एरवी माठाच्याच पद्धतीने जगते. पाणी तुटलं की पद्धत बदलते. दिवसा रंध्रं मिटून घेते, रात्री गारव्यात उघडून हवा आत घेते, ती आंबट रूपात साठवते आणि दिवसा वापरते. निवडुंगाची रीत. दोन्ही रीती एकाच झाडात असणं फार थोड्यांना जमलं आहे. म्हणूनच पाणी तुटलेल्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा जास्त आंबट लागते. सासूबाई ती डाळीत घालतात आणि म्हणतात, "हिला कुणी पेरत नाही म्हणून हिची किंमत नाही."

चुका मात्र हिशेबात न बसणारा. त्याला गारवा आवडतो, उन्हाळ्यात तो रडतखडत वाढतो. तरी तो ठेवला, कारण त्याचं बी उल्हासनगरहून आलं होतं. माझ्या ऑफिसातली मैत्रीण उल्हासनगर चारची. सिंधी घरात साई भाजी व्हायची तर पालक, शेपू, हरभऱ्याची डाळ आणि चुका लागतोच. चुक्याशिवाय ती नुसती पालकाची डाळ, असं तिचं ठाम मत. फाळणीनंतर तिची आजी कल्याण कॅम्पात आली. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी निर्वासितांसाठी उघडली होती. ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कित्येक कुटुंबं राहत होती. आजीने बराकीबाहेर डालड्याच्या रिकाम्या डब्यांत चुका आणि पुदिना लावला होता. पाणी रांगेत उभं राहून आणायचं, म्हणून झाडांना फक्त राखेने भांडी विसळल्याचं पाणी. "आमच्या घरात एकच पाणी तीनदा वापरायची सवय तिथून आली," मैत्रीण म्हणाली. सभेनंतर मी तिला ठरावाबद्दल सांगितलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सावली, चिपाडं आणि निळी पिंपं

पंचवीस लिटरात एकोणीस कुंड्या म्हणजे एकेकीला सव्वा लिटर आणि वर थोडंसं. वाढलेल्या भेंडीच्या उघड्या बॅगेला एप्रिलमध्ये दोन लिटरही कमी पडतात. तेव्हा घालायचं पाणी कमी करण्याआधी उडणारं पाणी कमी करायला हवं होतं.

पहिला उपाय आच्छादन. बदलापूर स्टेशनच्या रस्त्यावर उन्हाळ्यात रसवंत्या लागतात आणि प्रत्येकीच्या मागे चिपाडांचा ढीग असतो. मालक आनंदाने देतात, त्यांना ती उचलायचीच असतात. ताजी चिपाडं घातली तर मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की पिठ्या ढेकूण येतो, कारण त्या त्याला पाळतात. म्हणून चिपाडं धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, तुकडे करून मातीवर तीन बोटं जाडीचा थर द्यायचा. गच्चीवरच्या भाजीत चिपाडांचा मान जुना आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीचे जे प्रयोग केले त्यांत चिपाडांवर मोठी भिस्त होती. त्यांच्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार होता. दाभोलकर मुळात गणिताचे प्राध्यापक. आपल्या वाट्याला आलेल्या ऊन, पाणी आणि पाल्याचा हिशेब मांडा, मग पीक ठरवा, हा त्यांचा आग्रह. माझ्या कोपऱ्याला तो आग्रह सभेमुळे लागू झाला, एवढंच.

दुसरा उपाय कुंड्यांच्या अंगावर. ग्रोबॅगा काळ्या असतात आणि उन्हाचा मारा मातीच्या वरच्या भागापेक्षा पश्चिमेच्या बाजूला जास्त बसतो. स्वयंपाकघरातला काटा खुपसून दुपारी तीनला पाहिलं, तर उघड्या बॅगेच्या कडेची माती ४५ अंश होती. तिथली मुळं भाजतात, आणि ओली माती असूनही झाड मान टाकतं. लोक मग आणखी पाणी घालतात. बॅगेला गोणपाट गुंडाळून, बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवल्यावर तोच काटा ३७ वर आला. सगळ्यात बाहेरच्या, पश्चिमेच्या रांगेत रिकाम्या केलेल्या कुंड्या रचल्या. गेलेल्यांनी राहिलेल्यांना सावली धरली.

वर पन्नास टक्क्यांचं शेडनेट, पण ते दुपारी बारापासून साडेचारपर्यंतच. माठ आणि भेंडीला सकाळचं ऊन पूर्ण लागतं. मी सहा पन्नासची लोकल पकडते, त्यामुळे दुपारची दोरी ओढायचं काम सासूबाईंकडे. "झोपलेल्याला पांघरूण घालायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी ते स्वीकारलं.

निळ्या पिंपांबद्दल जरा सावधपणे सांगते. अंबरनाथला एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत आणि त्या भागात भंगारवाल्यांकडे अशी पिंपं स्वस्तात मिळतात. अर्धी कापली की दुधीला अगदी मापाची. पण आत पूर्वी काय होतं ते समजल्याशिवाय त्यात खायची भाजी लावू नये. चिकटपट्टीचे अवशेष, वास, झाकणावरचा रंग, काहीही संशयास्पद वाटलं तर सोडून द्यावं. मी घेतलेली दोन खाद्यतेलाची होती, त्यांची मूळ लेबलं शाबूत होती आणि आत हात घातला की हात तेलकट होत होता. तेल धुवायला चार दिवस लागले, पण तो त्रास परवडला. लोकलच्या खिडकीतून रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारा पालक रोज बघून घरी भाजी लावायची ठरवली, आणि ती रसायनाच्या पिंपात वाढवली, तर सगळ्यालाच अर्थ राहत नाही.

संध्याकाळची फुलं

उन्हाळ्यात वेलांची एक वेगळी अडचण असते. उष्णता वाढली, दिवस मोठा झाला की वेल नर फुलं जास्त आणि मादी फुलं कमी काढतात. दुधीच्या वेलावर एप्रिलमध्ये पंधरा-वीस नर फुलांमागे एखादी मादी दिसायची. मादी ओळखणं सोपं असतं, फुलाच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच तयार असतो. परागीभवन झालं नाही तर तो तीन-चार दिवसांत पिवळा पडून सडतो.

काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या असतात. दुधी, दोडका आणि पडवळ यांचा कारभार संध्याकाळचा. दोडक्याची पिवळी फुलं पाचच्या सुमाराला उघडतात. दुधीची पांढरी कागदासारखी फुलं दिवस मावळताना उमलतात, रात्रीच्या पतंगांसाठी. चौथ्या मजल्यावर, चारी बाजूंनी दिवे असलेल्या गच्चीवर पतंग भरवशाचे नाहीत. म्हणून हे काम माणसाने करायचं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी घरी पोचते साडेसातला. दुधीला तोवर उशीर झालेला नसतो, पण दोडक्याचं फूल ताजं असताना मी कर्जत लोकलमध्ये कुठेतरी ठाण्याच्या आसपास उभी असते. तेव्हा दोडका सासूबाईंचा. त्यांनी आयुष्यभर दोडका लावला, पण फुलांची अशी लग्नं लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. गावच्या परड्यात ते काम भुंगे करत. पहिल्या दिवशी त्या हसल्या. आठ दिवसांनी दोडका बोटापेक्षा जाड झाला तेव्हा त्यांनी तो शेजारणीला नेऊन दाखवला.

त्याच सुमाराला भेंडीवर लाल कोळी आला. कोरड्या उन्हाचा हा किडा. पानं वरून ठिपकेदार फिकी दिसतात आणि खाली बारीक जाळी. त्याला ओलावा सोसत नाही, म्हणून तीन संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला. नंतर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून. हे ऊन उतरल्यावरच करायचं, नाहीतर तेलाने पानं भाजतात. दोन झाडं तरीही गेली. सहा राहिली.

राब

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते.

ठाणे-रायगडच्या भातशेतीत उन्हाळा पिकाचा नसतो, तो राबाचा असतो. ज्या तुकड्यात पुढे भाताची रोपं करायची, तिथे शेण, झाडांची तोडलेली कवळं, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते जाळतात. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते, आणि पहिल्या पावसाला तिथे पेरलेलं रोप जोमाने येतं. हे काम इतकं महत्त्वाचं, की १८८० च्या दशकात राबासाठी कवळं तोडण्यावर वनखात्याने बंधनं आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष झाला आणि सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राब जाळण्याचे तोटेही आहेत, झाडं आणि हवा दोन्हींना त्याची किंमत मोजावी लागते. पण त्यामागची समज मला मोलाची वाटते. उन्हाळ्यात जमिनीकडून घ्यायचं नाही, तिची तयारी करायची.

जंगलही तेच करतं. मृगाच्या आसपास बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात, सोबत खाज मारायला काकडं. ते शेवळाचं कोंब पावसाच्या चाहुलीने वर येतं, पण त्याचा कंद सगळा उन्हाळा जमिनीखाली निजलेला असतो. त्याआधी मे महिन्यात याच बायका करवंदं आणि जांभळं आणतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. उन्हाळ्यात द्यायचं ते इथली मोठी झाडं देतात, कारण त्यांची मुळं खोल असतात. बारा इंचांच्या कुंडीला ते जमणार नाही. तिने निजावं हेच बरं.

म्हणून पंधरा कुंड्यांच्या रिकाम्या मातीचा आम्ही राब केला. गच्चीवर जाळणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. माती प्लॅस्टिकच्या कागदावर वीतभर थरात पसरली, धुवणाच्या पाण्याने ओलसर केली आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून कडा विटांनी दाबल्या. बदलापूरचं जे ऊन टोमॅटोची फुलं गाळतं, तेच मातीतले सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी मारतं. पाच आठवडे माती तशीच ठेवली. मेअखेरीला उघडली तेव्हा ती भुसभुशीत झाली होती, वास स्वच्छ होता. तिच्यात शेणखत, निंबोळी पेंड आणि सडलेली चिपाडं मिसळून ठेवली आहेत. अक्षय्य तृतीयेला सासूबाईंनी सांगितलं म्हणून दोन कुंड्यांत हळदीचे कंद पुरले. त्या दिवशी लावलेलं क्षय पावत नाही असं मानतात. कोंब अजून दिसलेले नाहीत. दिसायची घाईही नाही.

जमाखर्च

एप्रिल-मे मिळून निघालेली भाजी अशी: भेंडी अडीच किलो, चवळीच्या शेंगा सव्वा किलो, माठाच्या अकरा जुड्या, चार दुधी, नऊ दोडके, गवार दोन वेळच्या भाजीपुरती, मायाळूची भजी तीनदा. चुक्याची पानं एकदाच पुरेशी निघाली. ती मैत्रिणीला डब्यात नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून साई भाजी आली. बाजारभावाने हे सगळं काही शे रुपयांचं. एवढ्यासाठी कुणी दोन महिने पहाटे साडेपाचला उठू नये.

मोगरा मात्र मेमध्ये रोज ओंजळभर फुलला, केवळ एसीच्या पाण्यावर.

टाकीतलं पाणी एकदाही वापरलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकांच्या घरून निरोप आला, की त्यांच्याकडचं तांदळाचं धुवण ते रोज सकाळी झाकून जिन्यात ठेवतील, हवं तर घेऊन जा. त्यांच्या घरी माणसं सहा, भात दोन वेळा. रोजचं चार लिटर पाणी वाढलं. आता यादीत आणखी तीन कुंड्या बसतील. कुठल्या, ते काकूंना विचारायचं ठरवलं आहे, कारण पाणी त्यांचं आहे.

आज ३१ मे. सगळ्यात निरोगी भेंडीवर तीन शेंगा बियांसाठी वाळायला सोडल्या आहेत. माठाचे तुरे कागदावर झटकून बी काढलं, ते मोहरीहून बारीक आणि काळं कुळकुळीत असतं. दुधीच्या वेलावर एक दुधी तसाच ठेवला आहे, तो वाळून तुंबा होईल. बियांच्या पुड्यांवर सासूबाई नावं लिहायला सांगतात आणि मी लिहिते: भेंडी, माठ, चवळी, गवार. शेवटच्या पुडीत घोळीचं बी आहे. ती पुडी कशाला, ती तर आपोआप उगवते, असं मी म्हटलं. "उगवते," त्या म्हणाल्या, "पण तुझ्याच कुंडीत उगवेल असं कुणी सांगितलं?"